मिनिटाला चाळीस, चुका वेगळ्या

दहावीला पंच्याण्णव टक्के मिळाले की मराठी घरात पेढे येतात, क्लासवाले चौकात फ्लेक्स लावतात आणि गावाकडच्या आत्याला व्हिडिओ कॉल जातो. टायपिंगमध्ये तेवढीच अचूकता मिळाली तर उमेदवाराला वर्गाबाहेर उभं करायला हवं. पण हे कुणाला पटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा लिपिक-टंकलेखकाच्या भरतीसाठी तयारी करतोय. परवा त्याने लॅपटॉपवर चाचणी दिली, पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘५० शब्द प्रतिमिनिट, अचूकता ९५ टक्के’ असं झळकलं, आणि त्याच्या आईने ताबडतोब देवापुढे साखर ठेवली. हिरवा रंग बघितला की आपल्याकडे पुढची चौकशी होत नाही.

आता जरा हिशेब करू. टायपिंगच्या दुनियेत पाच दाब म्हणजे एक शब्द धरतात, मधली मोकळी जागासुद्धा त्यात आली. केंद्राच्या भरतीत इंग्रजीला मिनिटाला ३५ शब्द मागतात, ते कागदावर तासाला १०,५०० दाब असे लिहिलेले असतात, ते याच गणिताने. म्हणजे दोनशे शब्दांचा एकपानी अर्ज झाला हजार दाबांचा. त्यातले पंच्याण्णव टक्के बरोबर, म्हणजे पन्नास चुका. पन्नास! ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत दर चौथ्या शब्दाला ठेच. असा अर्ज देऊन रेशनकार्ड मागितलं तर बंदुकीचा परवाना हातात पडायचा.

बरं, एवढं करून वेग तरी खरा असतो का? मोजण्याची रूढ रीत अशी की एकूण शब्दांतून चुका वजा करायच्या. पोराने पाच मिनिटांत मिनिटाला पन्नासच्या गतीने अडीचशे शब्द बडवले, म्हणजे साडेबाराशे दाब. पाच टक्के चुकीचे, म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट. मिनिटामागे साडेबारा वजा. उरले साडेसदतीस. त्याच्याच वर्गातली एक मुलगी मिनिटाला चाळीसनेच चालते, पण नव्व्याण्णव टक्के अचूक. पाच मिनिटांत तिच्या दहा चुका, मिनिटामागे दोन. उरले अडतीस. म्हणजे मुलगी अर्ध्या शब्दाने पुढे, आणि तिचा कागद माणसाने वाचण्याजोगा. हे मी पोराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काका, पण माझा स्पीड पन्नासच आहे ना?’’ पगारातून किती कापून हातात किती पडतो हे कळायला त्याला अजून नोकरी लागायची आहे.

पाच दाबांचा हा शब्द इंग्रजीच्या मापाने शिवलेला आहे, मराठीच्या अंगाला तो कुठे आखूड होतो, कुठे ढगळ. कॉम्प्युटरच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘महाराष्ट्र’ सुटा सुटा टंकला तर दहा दाब होतात, म्हणजे मोजणाऱ्याच्या लेखी दोन शब्द पूर्ण. ‘राष्ट्रपुरुषांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ असं काही उताऱ्यात आलं की एरवी रडणारा उमेदवार मनात सुखावतो, निदान सुखावायला हवा. उलट ‘आई’ला दाब दोन, शिफ्ट धरायची नाही म्हटलं तर. पाचातले दोन गुण. मातृदेवो भव म्हणणाऱ्या देशात याविरुद्ध अजून मोर्चा कसा निघाला नाही, कोण जाणे.

टायपिंग ही वस्तू आपल्याकडे कायम ‘लावली’ जात आली आहे. दूध लावतात, पेपर लावतात, तसं दहावी-बारावीच्या सुट्टीत टायपिंग लावत. खाली किराणा दुकान, वर जिना, जिन्यावर चपलांचा ढीग आणि आत वीस-पंचवीस मशिनांचा एकत्र कडकडाट. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर आणला आणि पुढची काही दशकं मध्यमवर्गाचं निम्मं भवितव्य त्याच्या गाड्यावर डावी-उजवीकडे सरकत राहिलं. ‘मुलगी बी.कॉम. आहे, इंग्लिश फोर्टी झालंय’ हे वाक्य स्थळ सांगताना उंची आणि रंगाच्या आधी यायचं. थर्टी झालेलीला थोडं थांबावं लागे.

पहिला धडा सगळ्यांचा एकच. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानभर. जगातल्या कुठल्याही भाषेत याचा अर्थ होत नाही, आणि तरी चाळीस वर्षांनी, पेन्शन घेणाऱ्या माणसाला टेबलाशी बसवलं तर बोटं आपोआप हाच मंत्र म्हणतात. इन्स्टिट्यूटच्या बाई पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या आवाजावरून सांगत, ‘‘तिसऱ्या मशीनवर कोण खाली बघतंय?’’ खाली बघणाऱ्याचा ताल तुटतो, एवढं साधं कारण होतं. पण आम्हा मुलांचा बाईंना पाठीला डोळे आहेत यावरच विश्वास होता.

बाईंची खरी विद्या कागद तपासताना दिसे. त्या कागद खिडकीकडे धरत. ‘‘तुझा ए फिका आहे,’’ असं म्हणत. डाव्या करंगळीचं ते अक्षर, करंगळीत जोर नसायचा, म्हणून पानभर प्रत्येक ए आजारातून उठल्यासारखा उमटायचा. ‘‘करंगळीला सुट्टी दिलीये का?’’ त्याउलट काहींचा पूर्णविराम एवढा जबरदस्त, की कागदाला भोक पडे. उजेडात धरला की वाक्य जिथे जिथे संपलं तिथे तिथे प्रकाश. माणसाच्या बोटांचा पंचनामा इतका स्वच्छ आता होत नाही. कॉम्प्युटरवर करंगळीचा ए आणि तर्जनीचा एफ सारखेच काळेभोर, त्यामुळे करंगळीचा कामचुकारपणा थेट निकालातच कळतो. शिवाय मशीनवर चूक म्हणजे चूक. खोडायचा तो गोल रबर, मागे ब्रश असलेला, त्याने कागद पातळ होई, खाली कार्बनच्या दोन प्रती असल्या तर त्या वेगवेगळ्या खोडाव्या लागत. चुकीची ही किंमत रोख असल्यामुळे माणूस जपून वागे.

बॅकस्पेसने ती सगळी शिस्त घालवली. आता चूक केली, मागे आलो, पुन्हा बरोबर मारलं, असे एका अक्षराला तीन दाब जातात, आणि चूक लक्षात यायला जो क्षण जातो तो वेगळाच. खालच्या पोराच्या कीबोर्डवर बॅकस्पेसचं बटण सगळ्यात गुळगुळीत आहे. मी त्याला म्हटलं, आठवडाभर हे बटण नाहीच असं समजून सराव कर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गाडीचा रिव्हर्स गिअर काढायला सांगत होतो.

आता मराठीचा खास प्रश्न. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असे, कागदावर दिसते त्या क्रमाने. इन्स्क्रिप्टवर उच्चाराचा क्रम, म्हणजे आधी अक्षर, मग वेलांटी. आमचे एक मेव्हणे सरकारी कचेरीत आयुष्यभर मशीनवर बसले, मिनिटाला पन्नासचा हात, साहेब बोलता बोलता पत्र तयार. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना इन्स्क्रिप्ट घालून लॅपटॉप दिला. त्यांचा वेग तोच राहिला. पण ‘शनिवार’चा ‘शिनवार’ झाला, ‘कविता’ची ‘किवता’ आणि ‘गणित’चं ‘गिणत’. ‘आणि’ तर दर ओळीला ‘आिण’, खाली टिंबांचं एक अनाथ वर्तुळ घेऊन. मेव्हण्यांनी कॉम्प्युटरमध्ये दोष आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते पूर्ण बरोबर होते. तीस वर्षं वेलांटी आधी येत होती, ती एका दुपारी मागून यायला लागली, आणि याबद्दल कुणी परिपत्रक काढलं नाही. अखेर मुलाने टाइपरायटरसारखा कळफलक देणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं, मेव्हण्यांनी ‘दुरुस्त झालं’ असं म्हटलं आणि घरात शांतता झाली.

इन्स्क्रिप्टची रचना खरं तर शहाणी आहे. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. क आणि ख एकाच बटणावर, फक्त शिफ्टचा फरक. गोम आहे ती शेजारपाजाराची. ब आणि ह एकमेकांना लागून आहेत. ‘प्रमुख पाहुण्यांना हार घालण्यात आला’ असं लिहिताना बोट एक घर डावीकडे घसरलं की पाहुण्यांना ‘बार’ घातला जातो, आणि ग्रामीण भागात ही बातमी गंभीरपणे घेतली जाते. ह च्या दुसऱ्या बाजूला ग आहे, तिकडे घसरलात तर पाहुणे ‘गार’. खालच्या ओळीत न आणि व शेजारी, दोन्ही एकाच बोटाच्या ताब्यात. वधू-वर सूचक मंडळाच्या जाहिरातीत ‘अनुरूप वर पाहिजे’ याचं काय होतं ते वाचकांनी स्वतः टाइप करून बघावं. आणि म च्या शेजारी न. हात अर्ध्या इंचाने सरकवून बसलात की घरातल्या मामांचे नाना होतात, मामीची नानी. निधनाच्या बातमीत हे झालं तर दोन घरांत रडारड आणि एका घरात पोलीस.

या चुकांची खोड अशी की त्या चुका वाटतच नाहीत. बार, गार, नाना, सगळे सज्जन मराठी शब्द. शब्दशुद्धी तपासणारं यंत्र त्यांना हसतमुखाने सोडून देतं. आकड्यांचं बरं असतं. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर यंत्र तिथेच अडवतं. मामांना असा बारावा अंक दिलेला नाही.

फोनवर तर वेगळंच राज्य. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रोमन अक्षरांत ठोकतात आणि वर येणारी पहिली मराठी सूचना मनोभावे स्वीकारतात. गेल्या महिन्यात ग्रुपवर आलं, ‘उद्या सकाळी ९ ते १२ पाणी बँड राहील.’ तिसऱ्या मजल्यावरून लगेच विचारणा, ‘सनई चालणार नाही का?’ वास्तविक सेक्रेटरींचा अंगठ्यांचा वेग विलक्षण आहे. सोसायटीत त्यांच्यापेक्षा जलद फक्त वरच्या मजल्यावरच्या आजी, कारण त्या टाइप करतच नाहीत, बोलतात. त्यांच्या संदेशात मधे मधे ‘अगं दूध उतू गेलं’ असंही येतं. पण अक्षर अचूक.

वेगाचं हे वेड काही आपलंच नव्हे. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स या गृहस्थाचं मशीन बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७०च्या दशकात बाजारात आणलं, तेव्हा त्याला शिवणयंत्रासारखं पायपट्टीने गाडा मागे न्यायचं साधन होतं आणि अंगावर फुलांची नक्षी होती. त्यावर माणसं किती जलद लिहितात याच्या पैजा लवकरच सुरू झाल्या. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटीत फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांच्यात सामना झाला. ट्रॉबच्या मशीनवर लहान आणि मोठ्या लिपीच्या कळा वेगवेगळ्या होत्या, म्हणजे शोधाशोध दुप्पट. मॅकगरिन कोर्टात लघुलेखक, त्याने कळफलक पाठ केलेला, मान खाली जात नव्हती. मॅकगरिन जिंकला, आणि न बघता टाइप करणं ही काही जादू नसून शिकण्याची गोष्ट आहे हे लोकांना पटू लागलं. बाईंचं ‘खाली कोण बघतंय?’ हे थेट तिथून आलेलं आहे, बाईंना ते माहीत असो वा नसो. पुढे १९२३ साली अल्बर्ट टँगोरा नावाच्या गड्याने साध्या, विजेविना मशीनवर तासभर मिनिटाला १४७ शब्दांची सरासरी राखली. त्या काळच्या स्पर्धांत एका चुकीला दहा शब्द कापत. एका चुकीला दहा! हा नियम आपल्या चाचण्यांना लावला तर पन्नासवाल्या पोराचा वेग शून्याखाली जाईल, म्हणजे त्याने टाइप केल्यामुळे आधी लिहिलेलं पुसलं जाईल.

मग हे सुधारायचं कसं? उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो कुणालाच आवडत नाही. हळू करा. इतकं हळू, की चूक होणारच नाही. बोटाला बरोबर रस्ता पाठ होईपर्यंत घाई केली तर चुकीचा रस्ताही तितक्याच चोख पाठ होतो. रोज वीस मिनिटं पुरतात, रविवारी चार तास बसून मनगट सुजवण्यात अर्थ नाही. मान वर, नजर उताऱ्यावर, खुर्ची अशी की कोपर साधारण काटकोनात. आणि ज्या जोड्यांत बोट अडखळतं त्याच जोड्या घोटायच्या. त्र येत नसेल तर सतरा ओळी ‘सत्र पत्र मित्र’. लोक करतात उलटं. जे छान येतं तेच पुन्हा पुन्हा टाइप करून आकडा वाढवतात. चाचणीही तीच तीच देतात. खालच्या पोराला एक उतारा इतका पाठ झालाय की तो आता पडद्याकडेही बघत नाही, मॅकगरिनच्याही पुढे गेला.

त्याला मी हळू करायला सांगितल्यावर घरात जवळपास शोककळा पसरली. ‘‘मिनिटाला पंचवीसवर आलाय हो,’’ त्याची आई जिन्यात म्हणाली, तापाचा आकडा सांगावा तशी. राज्याच्या लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं प्रमाणपत्र लागतं, आणि पोरगा पन्नासवरून उतरून पंचवीसला पोचला होता. वडिलांनी ‘मेहनत कमी पडतेय’ असं निदान केलं. मी अचूकता विचारली. ‘‘नव्व्याण्णव दाखवतंय. पण ते सोडा हो,’’ त्या म्हणाल्या. महिनाभराने आकडा परत चाळिशीवर आला तेव्हा श्रेय नव्या कीबोर्डला मिळालं, ज्यात बटणांखाली रंगीत दिवे लागतात.

अचूकतेची कदर करणारी एकच जागा मला ठाऊक आहे, ती म्हणजे तहसील कचेरीच्या बाहेरचं झाड. तिथे बसणाऱ्या टायपिस्टला वेगाने कुणी ओळखत नाही. ‘त्याचा अर्ज परत येत नाही’ हीच त्याची जाहिरात. आधी पत्र्याच्या टेबलावर मशीन होतं, आता लॅपटॉप आणि प्रिंटर, वरून छत्री. तालुक्यात सातबारे हस्तलिखितावरून कॉम्प्युटरवर चढले तेव्हा कुणाच्या क्षेत्रातलं टिंब सरकलं, कुणाच्या नावातलं अक्षर. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली अशा लेखनातल्या चुका दुरुस्त करून मिळतात, आणि या कलमाने झाडाखालच्या मंडळींना बरंच काम दिलं.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी, गणपतराव, त्यांच्या सातबाऱ्यावर ‘दणपत’ आलं. ग च्या शेजारी द, दुसरं काही कारण नाही. पीककर्जाला बँक म्हणे, दणपत कोण? गावात पोरं दणपतबाबा म्हणायला लागली. गणपतराव झाडाखालच्या सर्वांत जुन्या टायपिस्टकडे गेले. या गृहस्थांनी जन्मभरात अर्जांवर किती गणपत लिहिले असतील, गणती नाही. अर्ज सुरेख झाला. समास सारखे, जोडाक्षरं घोटीव, एकही खोडाखोड नाही. खाली तक्ता: ‘अभिलेखातील चुकीचे नाव’ आणि ‘बरोबर नाव’. गणपतरावांनी अंगठा लावण्याइतक्या विश्वासाने सही केली.

दीड महिन्याने शेरा आला. ‘तक्त्यातील दोन्ही रकान्यांत नाव गणपत असेच नमूद असल्याने दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ गणपतराव कागद घेऊन झाडाखाली गेले. टायपिस्टने चष्मा लावून तो दोनदा वाचला, लॅपटॉप पुढे ओढला आणि हताशपणे म्हणाले, ‘‘राव, तुम्ही जरा इथे बसा आणि मला एकेक अक्षर सांगा. चुकीचं नाव मला बघितल्याशिवाय मारता यायचं नाही.’’